ओढ की रेटा? मोटारीच्या चाकांमागचे अर्थकारण

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतरीत्या निवृत्त झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि अखेरच्या पद्मिनीची नोंदणी २००३ साली झालेली होती. तेव्हा हा दिवस केव्हा ना केव्हा येणारच होता. त्या निमित्ताने पुष्कळ हळवे लेखन झाले. तिचा काळापिवळा रंग, टपावरचे कॅरिअर, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा यांची आठवण अनेकांनी काढली. परंतु तिच्याबरोबर एक यांत्रिक रचनाही शहरातील छोट्या टॅक्सींमधून जवळजवळ नाहीशी झाली. पद्मिनीचे इंजिन पुढे होते आणि ते फिरवीत असे मागची चाके. तिची जागा घेणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन पुढेच असते आणि ते पुढचीच चाके फिरवते.

हा प्रश्न केवळ मेकॅनिकच्या अखत्यारीतला आहे, असे समजण्याचे कारण नाही. घराच्या खालोखाल मोठी अशी खरेदी मध्यमवर्गीय कुटुंब करते ती मोटारीची, आणि तिचे हप्ते पाच-सात वर्षे पगारातून कापले जातात. त्या वेळी कचेरीतले सहकारी, विक्रेते, गल्लीतला गॅरेजवाला असे सारेच सल्ला देतात. ‘पुढच्या चाकांची गाडी घाटात दगा देते’, ‘मागच्या चाकांची गाडी पावसात फिरते’ अशी विधाने ठामपणे केली जातात. त्यांत तथ्य किती आणि ही रचना मुळात ठरविली कोणी, हे दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत.

दोन रचना

बैलगाडी पुढून ओढली जाते, हातगाडी मागून रेटली जाते. मोटारीच्या दोन प्रकारांतील मूळ भेदही तेवढाच आहे. जुन्या पद्धतीत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसविलेले असते. त्याच्यामागे गिअरबॉक्स, तेथून तळाखालून जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या आसावरील डिफरन्शियल. तेथे फिरण्याची दिशा काटकोनात वळवून शक्ती चाकांना दिली जाते. या रचनेत वजन दोन्ही आसांवर बऱ्यापैकी वाटले जाते, पुढच्या चाकांवर फक्त वळण्याचे काम राहते. मात्र शाफ्टला वाट देण्यासाठी तळाला मध्यभागी उंचवटा ठेवावा लागतो, लोखंड अधिक लागते आणि दिशा काटकोनात वळविताना काही शक्ती वाया जाते.

नव्या पद्धतीत इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्या बाजूला आणि डिफरन्शियल त्याच पेटीत ठेवतात. लांब शाफ्ट जातो, तळ सपाट होतो, मागच्या आसनावर मधल्या माणसाचे पाय टेकतात. कारखान्यात हा सारा संच एकदम जोडता येत असल्याने श्रम आणि वेळ वाचतो. अडचण एकच होती. पुढच्या चाकांनी फिरायचे आणि वळायचेही, म्हणून वाकलेल्या स्थितीतही सम गतीने शक्ती पोहोचविणारा सांधा हवा होता, आणि तो स्वस्तात व टिकाऊ बनविणे दीर्घकाळ अवघड गेले. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने १९३४ साली पुढच्या चाकांची मोटार मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. गाडी उत्तम ठरली, पण तिच्या खर्चाखाली कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली आणि मिशेलिनच्या हाती आली. तंत्र योग्य असले तरी त्याचा हिशेब जमेलच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

तेलाने दिलेला धक्का

हिशेब जमविण्याचे काम पुढे तेलटंचाईने केले. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशनिंग आले. त्यानंतर ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस यांच्याकडून कमी पेट्रोल पिणारी छोटी मोटार करवून घेतली. १९५९ साली ‘मिनी’ अवतरली. लांबी अवघी दहा फूट, इंजिन आडवे, ओढणारी चाके पुढची. तळाचा सुमारे ८० टक्के भाग माणसांसाठी आणि सामानासाठी मोकळा. १९६४ साली इटलीत फियाटचे दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या टोकाला जोडण्याची अधिक सोपी रचना सिद्ध केली. फसली तर फियाटच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ती आधी ‘आउटोबियांकी’ या लहान नावाखाली विकण्यात आली. आज जगातील बहुसंख्य छोट्या मोटारी याच रचनेवर चालतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेनेही १९७५ साली इंधन-मितव्ययाचा कायदा केला आणि १९७९ मध्ये जनरल मोटर्सने पुढच्या चाकांच्या मोटारींची मालिका काढली. जर्मनीच्या फोक्सवॅगनने १९७४ सालीच ‘गोल्फ’ आणून आपली जुनी, मागे इंजिन असलेली परंपरा मोडली होती.

पसंती की नाइलाज?

भारताचा या इतिहासाशी असलेला संबंध मोठा चमत्कारिक आहे. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी ॲम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि मॉरिस ही ‘मिनी’ काढणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचाच भाग होती. मुंबईला कुर्ल्यात बनणारी पद्मिनी मूळची फियाट ११००, आणि ती मोटार घडली ती याच जाकोसांच्या हाताखाली. ज्या दोन कंपन्यांकडून भारताने मोटारी घेतल्या, त्या दोघींनी १९५९ ते १९६४ या काळात नव्या रचनेकडे वळण घेतले. भारतात मात्र परवाना पद्धतीच्या छायेत जुन्याच गाड्या थोड्याफार बदलांनी निघत राहिल्या. तिसरी स्टँडर्ड हेरल्ड, तीही मागच्याच चाकांची. ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत असे. ‘भारतीय रस्त्यांना मागच्याच चाकांची गाडी मानवते’ हा समज या काळात रूढ झाला. ज्याला दुसरा पर्यायच दाखविला गेला नाही, त्याच्या खरेदीला पसंती म्हणणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा हा समज काही वर्षांतच मावळला. ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरांचे इंजिन, हलके वजन आणि पुढच्या चाकांची ओढ यांच्या बळावर तिने चौघांचे कुटुंब ॲम्बेसेडरपेक्षा कितीतरी कमी पेट्रोलमध्ये नेले. घाट चढली, पावसाळेही काढले. परंतु त्याहून उद्बोधक गोष्ट पुढच्याच वर्षी घडली. १९८४ साली त्याच कंपनीने तेच ७९६ सी.सी.चे इंजिन वापरून व्हॅन काढली, जिला पुढे ‘ओम्नी’ हे नाव मिळाले. ती मात्र मागच्या चाकांची होती. एकच कंपनी, एकच इंजिन आणि दोन रचना. एक माणसे नेण्यासाठी, दुसरी भरपूर माणसे किंवा माल कोंबण्यासाठी. कोणती रचना श्रेष्ठ, या वादाचे उत्तर त्या दोन गाड्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे: भार कोठे पडतो ते पाहा.

भाराचा हिशेब

चाकाची रस्त्यावरील पकड त्याच्यावर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते. पुढे इंजिन असलेल्या रिकाम्या छोट्या मोटारीचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असते. म्हणून एकटा चालक किंवा दोघे-तिघे असताना पुढची चाके ओलसर रस्त्यावरही चांगली पकड धरतात. तीच गाडी पाच माणसांनी आणि डिकीभर सामानाने भरली की वजन मागे सरकते. चढावर ते आणखी थोडे मागे जाते. डांबरी घाटात याने काही बिघडत नाही. खंबाटकी असो वा कुंभार्ली, हजारो छोट्या मोटारी तो रोज चढतात. पण पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या चिखलाच्या चढणीवर, किंवा खडीच्या रस्त्यावर थांबून पुन्हा निघताना, पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात. ग्रामीण महाराष्ट्रातील वडापची जीप मागच्या चाकांची का असते, याचे उत्तर येथे आहे. तिच्यात दहा-बारा उतारू बसतात ते मागच्या आसावर, आणि जितके अधिक बसतील तितकी तिची पकड वाढते. घाटाविषयीच्या तक्रारीत तथ्य आहे ते इतकेच, आणि ते भरलेल्या गाडीपुरते व कच्च्या रस्त्यापुरते आहे.

पावसाचा प्रश्न निराळा. ओल्या वळणावर पुढच्या चाकांची गाडी जोरात घातली तर तिचे तोंड बाहेरच्या बाजूला सरकते. भेदरलेला चालक स्वाभाविकपणे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि बहुधा गाडी सावरते. मागच्या चाकांच्या गाडीत तशा वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर शेपूट बाहेर फेकले जाते आणि ते सावरण्यास सराव लागतो. सामान्य चालकासाठी पहिली चूक दुसरीपेक्षा कमी घातक आहे, ही पुढच्या चाकांची खरी जमेची बाजू. तथापि ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या शहरी वाहतुकीत हा फरक बहुतेकांना कधी जाणवणारही नाही.

येथे एक मोठा गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. गाडी ओढणारी चाके दोनच असली तरी ब्रेक चारही चाकांना लागतो. त्यामुळे पुढच्या चाकांची गाडी लवकर थांबते, ही समजूत निराधार आहे. थांबण्याचे अंतर टायर, ब्रेक आणि वेग यांवर ठरते. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या एका नियमाचे मोल ओढ-रेट्याच्या वादापेक्षा अधिक आहे. टायरच्या बाबतीतही तसेच. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर पुढच्या चाकांच्या गाडीतही ते मागे बसवावेत, असा टायर उत्पादकांचा सल्ला असतो. कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटणे अधिक धोक्याचे. काटकसर म्हणून नवे टायर पुढे घालणारे याच्या नेमके उलट वागत असतात.

राहिला दुरुस्तीचा खर्च. पुढच्या चाकांना ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार ही तिन्ही कामे करावी लागत असल्याने पुढचे टायर लवकर झिजतात. ते ठरावीक अंतराने पुढेमागे बदलत राहणे हाच त्यावर उपाय. सांध्यावरचे रबरी आवरण फाटले तर ग्रीस बाहेर जाते, धूळ आत शिरते आणि पूर्ण वळण घेताना कट्‌कट् आवाज येऊ लागतो. आवरण वेळीच बदलले तर थोडक्यात भागते, न बदलल्यास सबंध सांधा जातो. मागच्या चाकांच्या गाडीत शाफ्टचे क्रॉस आणि डिफरन्शियल दणकट असतात, बिघडले तर रस्त्याकडेच्या गॅरेजातही उघडता येतात. शिवाय पुढच्या चाकांना शक्ती पोहोचवायची नसल्याने ती अधिक वळू शकतात. लंडनच्या टॅक्सीला २५ फुटांच्या वर्तुळात वळता आले पाहिजे असा नियम आहे, आणि तेथील काळी टॅक्सी मागच्या चाकांचीच राहिली आहे.

विजेने फिरवलेले चक्र

विजेच्या मोटारीने हा सारा हिशेब पुन्हा उलटा केला आहे. विजेची मोटर लहान असते, ती कोणत्याही आसावर बसते, आणि बॅटरी तळाखाली पसरलेली असल्याने वजन दोन्हीकडे वाटले जाते. लांब शाफ्ट नाही, उंचवटा नाही. म्हणजे मागच्या चाकांच्या रचनेचे जुने दोषच उरत नाहीत. ज्या फोक्सवॅगनने १९७४ साली पुढच्या चाकांकडे वळण घेतले, तिनेच विजेच्या ‘आयडी ३’ साठी पुन्हा मागची चाके निवडली. महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या आणि पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या विजेच्या मोटारीही मागच्या चाकांच्या आहेत. टाटांची विजेवरची नेक्सॉन मात्र पुढच्या चाकांची आहे, कारण तिचा सांगाडा मूळच्या पेट्रोल-डिझेल गाडीचा. यांतील एकही निर्णय ‘चालविण्याच्या आनंदा’पोटी झालेला नाही. तो आनंद जाहिरातीत नंतर आला. निर्णय सांगाड्याच्या खर्चाने आधीच केला होता.

तात्पर्य असे की, कोणती चाके फिरावीत हे ग्राहकाने क्वचितच ठरविले आहे. आधी ते परवान्याने ठरविले, मग कारखान्याच्या जोडणीने आणि आता बॅटरीने. ग्राहकाच्या हाती उरते ती पुढची निवड, आणि ती त्याने स्वतःच्या वापराचा हिशेब मांडून करावी. रोज कचेरी, शाळा, बाजार आणि वर्षातून दोनदा डांबरी रस्त्याने गाव, असा ज्याचा प्रवास आहे, त्याला पुढच्या चाकांची छोटी मोटार स्वस्त पडेल आणि पुरेल. ज्याची गाडी बहुधा भरलेलीच असते, किंवा ज्याच्या घरापर्यंतची शेवटची चढण कच्ची आहे, त्याने मागच्या चाकांचा विचार अवश्य करावा. या दोघांनाही विक्रेता एकच गाडी ‘सर्वोत्तम’ म्हणून दाखवील. तेथे ‘ओढ की रेटा’ हा वाद घालण्याऐवजी गाडीत रोज किती माणसे बसणार आणि ती कोणत्या रस्त्याने जाणार, हे आधी कागदावर मांडावे. हप्ता विक्रेत्याला भरावा लागत नाही. तो भरणाऱ्यानेच हा हिशेब केला पाहिजे.