आजीसाठी केअर सेंटर बघताय? रिसेप्शनच्या पुढे जा!

‘परवा डिस्चार्ज देतोय, घरी नीट व्यवस्था करा,’ असं डॉक्टर सांगून जातात आणि फॅमिली ग्रुपवर एकदम शांतता पसरते. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रात्री दोनदा उठवावं लागणार, आई-बाबा दोघंही नोकरीला, काका बंगळूरला आणि आपली सेमिस्टर तोंडावर! मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, ‘एखादं सेंटर बघायचं का?’

यानंतर घरात ‘लोक काय म्हणतील’ यावर जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्माही सेंटर तपासण्यात जात नाही. शोधाशोध मात्र हमखास आपल्याकडे येते, कारण ‘तुला फोनवर सगळं सापडतं’. आणि ती यायलाही हवी. ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा २००७चा केंद्रीय कायदा आहे. त्यातल्या अपत्यांच्या व्याख्येत मुलगा-मुलगी यांच्यासोबत सज्ञान नातू आणि नातही येतात. म्हणजे अठरा पूर्ण झाली की हा विषय फक्त मोठ्यांचा राहत नाही.

पाटी वाचा, मग प्रश्न विचारा

वृद्धाश्रम, केअर सेंटर आणि रिहॅब या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वृद्धाश्रम साधारणपणे स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असतो. अंथरुणाला खिळलेल्या, नाकात किंवा लघवीची नळी असलेल्या पेशंटला नर्सिंग लागतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा चालतं करायचं असेल, तर नियमित फिजिओथेरपी हवी. त्यामुळे पहिला प्रश्न घरातच विचारायचा : काही आठवड्यांसाठी की कायमचं?

दुसरा प्रश्न सेंटरला : तुमची नोंदणी नेमकी कशाची? महाराष्ट्रात नर्सिंग होमसाठी १९४९चा नोंदणी कायदा आहे. एखादी संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल, तर तेवढ्यानं ती नर्सिंग होम ठरत नाही. सर्टिफिकेट दाखवा म्हणायला लाजू नका.

सिस्टर कोण, मावशी कोण?

युनिफॉर्म घातला म्हणजे नर्स झाली असं नाही. एएनएम दोन वर्षांचा कोर्स आहे, जीएनएम तीन वर्षांचा आणि नर्सची कौन्सिलकडे नोंदणी लागते. अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं हे मावशी करतात आणि त्यांच्याशिवाय सेंटर चालूच शकत नाही. पण इंजेक्शन देणं, नळी बदलणं हे नर्सचं काम. म्हणून ‘स्टाफ किती?’ एवढंच विचारू नका. ‘रात्री दोन वाजता किती नर्स, किती मावशी आणि किती पेशंट?’ असं विचारा. डॉक्टर रोज येतात की फक्त फोनवर? रात्री तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार?

डोळे, नाक आणि घड्याळ

आजीसाठी आम्ही पुण्यात तीन ठिकाणं पाहिली. एकाच्या ब्रोशरवर मस्त बाग होती. पेशंट मात्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टमध्ये व्हीलचेअर जेमतेम मावेल एवढी जागा. ‘बागेत कधी नेता?’ विचारलं, तर उत्तर आलं, ‘नातेवाईक आले की.’

तेव्हा रिसेप्शनच्या पुढे जायचंच. कॉरिडॉरमध्ये लघवीचा वास येतोय का? आजी-आजोबांची नखं कापलेली आहेत का, ओठ कोरडे पडलेत का? पाण्याचा ग्लास आणि बेल हात पोचेल अशी आहे का? बेल वाजली तर घड्याळ बघा, किती वेळानं कुणी येतं ते कळेल. बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बेडसोअर. एकाच कुशीवर पडून राहिलं की दाबाखालच्या त्वचेला रक्त मिळत नाही आणि माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. त्या सहजासहजी भरत नाहीत. म्हणून हलता न येणाऱ्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात आणि त्याचा चार्ट ठेवतात. तो मागा. दुपारी तीन वाजता संध्याकाळी सातपर्यंतच्या टिक केलेल्या दिसल्या, तर तुमचं उत्तर मिळालं!

पेशंट त्रास देत असेल तर हात बांधता का? झोपेची गोळी देता का? कुणाच्या परवानगीनं? हेही सरळ विचारा. पहिली भेट वेळ घेऊन, दुसरी न सांगता जेवणाच्या वेळी. दुसऱ्या भेटीत जास्त कळतं.

पॅकेजच्या बाहेरचं बिल

महिन्याच्या आकड्यात डायपर, औषधं, फिजिओ, एअर बेड येतं का? डिपॉझिट कधी परत? मध्येच हॉस्पिटलला हलवलं तर त्या दिवसांचे पैसे लागणार का? सगळं लेखी घ्या. मेडिक्लेमवर विसंबू नका. नुसत्या देखभालीसाठीचा मुक्काम त्यात सहसा बसत नाही. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान भारतचं कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर आहे, पण ते हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी.

आणि आजीचं मत?

आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली, ती आजीच्या खोलीचं दार लोटून. शेवटी तिला विचारलं तेव्हा तिचा एकच प्रश्न होता : ‘पहाटे पाचला चहा मिळेल का?’ ती आयुष्यभर त्याच वेळी उठत आलीये. एका ठिकाणी चहा सातला म्हणजे सातलाच. दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टर म्हणाल्या, ‘रात्रीच थर्मास भरून ठेवू.’ चार्ट, स्टाफ, नोंदणी तिथंही बघितली आणि सहा आठवड्यांसाठी तेच ठरलं. तिथला माणूस ऐकून घेतो की नाही, हे चहाच्या प्रश्नानं लगेच कळलं.

अ‍ॅडमिशन झाली की काम संपत नाही. ज्यांच्याकडे कुणी ना कुणी येत-जात असतं, त्यांच्याकडे स्टाफचंही लक्ष राहतं. काही खटकलं तर आधी लेखी तक्रार द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही टोल-फ्री एल्डरलाइनही आहे. फी आई-बाबा भरतील. पण लेक्चर संपल्यावर, कधी मंगळवारी तर कधी शुक्रवारी, न सांगता जाऊन आजीच्या टाचा बघून येणं आपल्याला सहज जमतं. ते वाटून घ्या.