विश्लेषण : रहस्यकथा-लेखिकेच्या एका निबंधातून शाळा कशा उभ्या राहिल्या?

लॅटिन शिकवणाऱ्या, कविता तोंडपाठ करून घेणाऱ्या आणि वादविवादाला महत्त्व देणाऱ्या ‘क्लासिकल ख्रिश्चन’ शाळांची चळवळ अमेरिकेत आता विद्यापीठ प्रवेशापर्यंत पोहोचली आहे. तिचे मूळ मात्र इंग्लंडमधल्या एका जुन्या निबंधात आहे.

हा निबंध कोणाचा?

डोरोथी सेयर्स यांचा. लॉर्ड पीटर विम्झी या हौशी गुप्तहेराच्या कथा लिहिणाऱ्या, डांटेचा अनुवाद करणाऱ्या या लेखिकेने १९४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे ‘द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग’ हा निबंध वाचला. त्यांची तक्रार साधी होती. मुले विषय शिकतात, पण शिकावे कसे हे शिकत नाहीत. त्यामुळे वाचता येणारा माणूसही जाहिरात आणि प्रचाराला सहज फसतो. यावर उपाय म्हणून त्यांनी मध्ययुगीन त्रयी सुचवली : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. धर्मशास्त्राशिवाय ही इमारत अपुरी राहील, असेही त्यांचे मत होते. गंमत म्हणजे, आपल्या सूचना अमलात येण्याची शक्यता फारच कमी, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले होते.

म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच?

इथेच निबंधाची खरी मजा आहे. लहान मुलांना पाठांतर जाच वाटत नाही, उलट त्यात आनंद वाटतो, असे सेयर्स म्हणतात. ती बडबडगीते गातात, मोटारींचे नंबर म्हणत सुटतात. या वयाला त्यांनी ‘पोपटा’चे वय म्हटले. (पावकी-निमकी सुरात म्हटलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) त्यानंतर मूल मोठ्यांना उलट उत्तरे देऊ लागते, त्यांच्या चुका पकडते. त्याला गप्प न करता तेव्हाच तर्कशास्त्र शिकवावे. पुढे किशोरवयात स्वतःचे म्हणणे मांडण्याची ओढ लागली की वक्तृत्व. मात्र एक लक्षात ठेवायला हवे. वयाशी घातलेली ही सांगड मध्ययुगातली नाही, ती सेयर्स यांची कल्पना आहे. ‘परंपरा’ म्हणून पुढे आलेल्या गोष्टीत बरेच नवे असते, ते असे.

आणि कुतूहल?

त्यासाठी सिमोन वेल वाचाव्या लागतात. यहुदी कुटुंबात जन्मलेल्या, ख्रिस्ताकडे ओढल्या गेलेल्या या फ्रेंच शिक्षिकेने १९४२ मध्ये शालेय अभ्यासावर निबंध लिहिला. भूमितीच्या प्रश्नावर मुलाने तासभर मन लावले आणि उत्तर आले नाही, तरी तो तास वाया जात नाही, हा त्यांचा विचार. मन एकाग्र करण्याची सवय त्यांना प्रार्थनेच्या जवळची वाटे.

मग वाद कशाचा?

पाद्री डग्लस विल्सन यांच्या पुढाकाराने आयडाहो राज्यातील मॉस्को या गावात १९८१ मध्ये ‘लोगोस स्कूल’ सुरू झाले. विल्सन यांच्या १९९१ च्या पुस्तकाने सेयर्स यांचा निबंध अमेरिकेतील पालकांपर्यंत नेला. त्यांच्या गुलामगिरीविषयक लेखनावर मात्र इतिहासकारांनी कडक टीका केली. परंपरेतले काय मुलांच्या हाती द्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न तिथून सुटलेला नाही.

२०१५ मध्ये ‘क्लासिक लर्निंग टेस्ट’ आली आणि २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी ती प्रवेशासाठी मान्य केली. परीक्षा बहुपर्यायी आहे आणि वेळ मोजून दिला जातो. वेल यांच्या त्या न सुटलेल्या भूमितीच्या प्रश्नाला तीत गुण नाहीत.