फॉर्म प्रॉक्सीने गिळलेला नसतो

वेबसाइटच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवला की थोड्याच दिवसांत तक्रार येते: फॉर्म भरून ‘सबमिट’ दाबलं की तेच पान पुन्हा कोरं उघडतं, नोंद होतच नाही. त्यावरचं निदानही ठरलेलं. ‘मधल्या प्रॉक्सीने डेटा खाल्ला.’ मग टाइमआउट वाढवतात, बफर वाढवतात, सर्व्हर रीस्टार्ट करतात. फॉर्म कोरा तो कोराच.

खरा घोळ बहुधा रीडायरेक्टचा असतो. गैरसमज असा की, रीडायरेक्ट करताना सर्व्हर आपली विनंती उचलून नव्या पत्त्यावर पोचवतो. अजिबात पोचवत नाही! तो ब्राउझरला फक्त नवा पत्ता सांगतो. कचेरीत पाच नंबरच्या खिडकीवरून आठ नंबरला धाडतात, तसंच हे. तिकडे कागद घेऊन जायचं की रिकाम्या हाताने, ते ब्राउझर पाहतो. उत्तराचा कोड ३०१ किंवा ३०२ असेल, तर ब्राउझर पोस्टची गेट विनंती करतात आणि फॉर्ममधला मजकूर मागेच टाकतात. हा ब्राउझरचा बिघाड वाटत असेल, तर जून २०२२चं आरएफसी ९११० उघडून पाहा. जुन्या वहिवाटीमुळे ही मुभा दिल्याचं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. पद्धत आणि मजकूर जसाच्या तसा न्यायचा, तर तात्पुरत्या बदलाला ३०७ आणि कायमच्या बदलाला ३०८ हे कोड आहेत.

आता मूळ प्रश्न: फॉर्म पाठवताना रीडायरेक्ट येतोच कुठून? बहुतेकदा प्रॉक्सी बाहेर एचटीटीपीएस बोलतो आणि आतल्या अ‍ॅप्लिकेशनशी साधं एचटीटीपी. मग अ‍ॅप्लिकेशन फॉर्मच्या ‘अ‍ॅक्शन’मध्येही एचटीटीपीचाच पत्ता लिहितं, आणि तो पत्ता आला की प्रॉक्सी ३०१ देतो. यावर उपाय म्हणजे ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर पाठवणं आणि त्यावर विश्वास ठेवायला अ‍ॅप्लिकेशनला सांगणं. मात्र बाहेरून आलेलं याच नावाचं हेडर प्रॉक्सीने पुसलंच पाहिजे, नाहीतर कोणीही खोटं हेडर पाठवेल.

दुसरं कारण पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ. जँगो ती नसली तर आपणहून जोडून रीडायरेक्ट करतं. डीबग चालू असताना पोस्टच्या वेळी ते एरर दाखवतं, पण चालू साइटवर काही न बोलता ३०१ देतं. म्हणून ‘चालू साइटवर एरर दिसत नाही’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही.

खात्री प्रॉक्सीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये होते. पोस्टपुढे ३०१ आणि लगेच खाली गेटपुढे २०० दिसलं की चोर सापडला. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण केलीत तर तीच जोडी तिथेही दिसते.

आणखी काही गैरसमज. ‘३०७ लावलं की सगळं सुरक्षित.’ नाही. एचटीटीपीच्या पत्त्यावर फॉर्म गेला असेल, तर रीडायरेक्ट मिळण्याआधीच पासवर्ड उघड्यावरून गेलेला असतो.

‘फॉर्मनंतर रीडायरेक्ट नकोच.’ उलट, नोंद झाल्यावर ३०३ द्यावा. पान रिफ्रेश केलं तरी नोंद दुबार होत नाही.

‘मोठी फाइलही रीडायरेक्टमुळेच अडते.’ एन्जिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे. ती ओलांडली की ४१३ येतो. त्याचा रीडायरेक्टशी संबंध नाही.

तेव्हा टाइमआउटला हात लावण्याआधी पानाचा सोर्स उघडा आणि फॉर्मचा ‘अ‍ॅक्शन’ अंतिम पत्त्यावरच जातो का, ते पाहा.