लांडग्याचे घर

लांडग्याचे नाव निघताच आपणांस क्रौर्य आठवते. लांडग्यांच्या कळपात सर्वांत दांडगा नर इतरांस लोळवून राजा होतो व दंडेलीने राज्य करतो, असेही पुष्कळांच्या मनात ठसले आहे. ही समजूत कोठून आली व ती कशी खोटी ठरली, हे आम्ही आज सांगू इच्छितो.

१९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते लांडगे वर्चस्वासाठी झगडत. परंतु ते कुंपणात कोंडलेले होते. पटले नाही तर निघून जाण्यास त्यांना वाटच नव्हती. पुढे १९७० साली डेव्हिड मेच या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात तीच कल्पना मांडली आणि ती जगभर पसरली.

तथापि १९८६ पासून मेच यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात काढले. तेथे त्यांस दिसले ते निराळेच. कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची लेकरे! नर-मादी पुढारी असतात ती झुंज जिंकून नव्हे, तर मायबाप म्हणून. १९९९ साली मेच यांनी हे लिहून आपलीच चूक सुधारली.

लांडगीण सुमारे त्रेसष्ट दिवसांनी विते. पिल्ले जन्मतः आंधळी व बहिरी असतात. आई बिळापाशी राहते. बाप व थोरली भावंडे शिकारीचे मांस पोटात भरून आणतात. पिल्लांनी तोंड चाटताच ते मांस ओकून त्यांस भरवतात. एक ते तीन वर्षांची झाली की बहुतेक लेकरे घर सोडून जोडीदार व नवा मुलूख शोधतात.

आपल्या दख्खनच्या माळरानावरील लांडगाही असाच कुटुंबवत्सल आहे. तो मेंढरू उचलतो तेव्हा मेंढपाळाची हानी होते, हे आम्ही नाकारीत नाही. तिची भरपाई झालीच पाहिजे. परंतु अंगावर पिणाऱ्या पिल्लांची आई मारली, तर तिच्या मागे बिळातील पिल्लांच्या जगण्याची आशा फार थोडी उरते. १९७२ च्या कायद्याने लांडग्यास संरक्षण आहे, ते यासाठीही मोलाचे वाटते.

कोंडलेल्या जीवावरून त्याच्या सर्व जातीची परीक्षा करू नये, एवढे तरी आपण यातून शिकावे. आणि विद्वानाने आपली चूक आपणच सुधारली, हेही ध्यानी ठेवावे.