गैरहजर राहिला की थेट तुरुंग? कायदा असं म्हणत नाही

जून तोंडावर आला की औशाच्या तहसीलमध्ये मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. नियंत्रण कक्षाच्या ड्युट्या लागतात, तलाठी-ग्रामसेवकांना मुख्यालय सोडू नका म्हणून बजावलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी एक ठरलेलं वाक्य सगळीकडे फिरू लागतं: 'कामावर गैरहजर राहणाऱ्यांवर आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये गुन्हे दाखल करणार.' मग टपरीवर त्याचे अर्थ निघतात. कुणी म्हणतो सहा महिने आत, कुणी म्हणतो दोन वर्षं, आणि सर्वज्ञ असलेला तिसरा सांगतो की जामीनसुद्धा होत नाही. दर पावसाळ्यात हेच ऐकून कान किटले आहेत. हे बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो कायदा उघडूनही पाहिलेला नसतो, आणि दुर्दैव असं की त्यांत धमकी देणारेही असतात.

कायदा २००५ चा आहे. त्सुनामीनंतरच्या वर्षात संसदेने केलेला. कामावरून पळ काढणाऱ्या अधिकाऱ्यासाठी त्यात कलम ५६ आहे. ज्याच्यावर या कायद्याने किंवा या कायद्याखाली काही कर्तव्य सोपवलेलं आहे, अशा अधिकाऱ्याने ते करणं थांबवलं, नाकारलं किंवा त्यातून अंग काढून घेतलं, तर एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड. दोन अपवाद त्याच वाक्यात आहेत: वरिष्ठांची स्पष्ट लेखी परवानगी, किंवा दुसरं कायदेशीर कारण.

आता हे नीट वाचा. नुसती गैरहजेरी हा गुन्हा नाही. आधी कर्तव्य सोपवलेलं असायला हवं, आणि तेही याच कायद्याखाली. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या (ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात) आदेशाने तुमचं नाव नियंत्रण कक्षाच्या रात्रपाळीत आलं, तर तुम्ही कलम ५६ च्या कक्षेत आलात. पण पूर आला त्या दिवशी तुम्ही किरकोळ रजेवर गावी होता, तुम्हाला कुठलीही ड्युटी दिलेली नव्हती, म्हणून कुणी हे कलम लावतो म्हणाला, तर त्याला आधी ड्युटीचा आदेश दाखवायला सांगा.

आणि 'गुन्हा दाखल' हे प्रकरणही वाटतं तितकं सोपं नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे विशेष कायद्यांतले गुन्हे सर्वसाधारणपणे अदखलपात्र आणि जामीनपात्र असतात. फौजदारी प्रक्रियेच्या पहिल्या अनुसूचीतच तसं आहे, पूर्वीच्या संहितेतही आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही. म्हणजे नुसत्या कलम ५६ वर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटकही नाही. 'जामीन होत नाही'वाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पुढे कलम ५९ आहे: ५५ आणि ५६ खालच्या खटल्याला सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. त्यापुढे कलम ६०: न्यायालय दखल घेणार ती प्राधिकरणाच्या, सरकारच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर, किंवा तीस दिवस आधी रीतसर नोटीस दिलेल्या कुठल्याही व्यक्तीच्या तक्रारीवर. सकाळी गैरहजर आणि संध्याकाळी कोठडीत, असं या कलमाने होत नाही. इतकी कुलपं असताना रोज उठून त्याचीच भीती का घालायची, हे मला समजत नाही.

मग एफआयआरच्या बातम्या येतात त्या कशाच्या? बहुतेक वेळा जुन्या भारतीय दंड संहितेच्या १८८ च्या, म्हणजे लोकसेवकाने काढलेल्या आदेशाचा भंग. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत २२३ झालं आहे. ते दखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस नोंद करतात. पण न्यायालयात खटला उभा राहायला, आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. पूर्वी प्रक्रिया संहितेचं कलम १९५, आता २१५. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या दौलतराम खटल्यापासून ही अट सक्तीची मानली आहे. ती पाळली नाही म्हणून खटले पडतात, आणि ज्याला खरोखर जाब विचारायला हवा होता तोही सुटतो.

मोठ्या अधिकाऱ्यांचं काय झालं तेही पाहा. मे २०२१ मध्ये यास चक्रीवादळानंतर पंतप्रधानांच्या आढावा बैठकीतल्या अनुपस्थितीवरून पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्य सचिव आलापन बंद्योपाध्याय यांना केंद्राने याच कायद्याच्या कलम ५१(ब) खाली कारणे दाखवा नोटीस दिली. हे कलम प्राधिकरणाचा किंवा सरकारचा निर्देश वाजवी कारणाशिवाय नाकारणाऱ्या कुणालाही लागतं. शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि त्या नकारामुळे जीवितहानी झाली किंवा तसा धोका उभा राहिला तर दोन वर्षांपर्यंत. टपरीवरची 'दोन वर्षं' बहुधा इथूनच आली असावीत. नोटिशीची देशभर चर्चा झाली, पण पुढची पावलं पडली ती विभागीय चौकशीच्या वाटेने. त्याआधी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीतल्या हलगर्जीबद्दल दिल्लीतल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांवर केंद्राने कारवाई केली, तेव्हाही हत्यार निलंबनाचं होतं.

याचा अर्थ काहीच होत नाही असा काढणारे दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, त्यांच्यावर मला जास्त राग येतो. 'फार तर नोटीस येईल, उत्तर टाकू' हा तो सूर. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली अनधिकृत गैरहजेरीवर वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि तिथे खटल्याच्या मंजुरीची, तक्रारीची ही कुलपं नसतात. नोकरदार माणसाला खरी धास्ती हवी ती या चौकशीची. फक्त इथेही सर्वोच्च न्यायालयाने कृष्णकांत परमार प्रकरणात (२०१२) एक रेघ ओढली आहे: गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध करावं लागतं. आजारपणामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने न येऊ शकलेला माणूस आणि मुद्दाम न आलेला माणूस यांना एका मापाने मोजता येत नाही.

हा फरक औसा तालुक्याला तरी समजावून सांगावा लागू नये. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं: किल्लारीचा भूकंप. किल्लारी आपल्याच तालुक्यातलं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकती झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आजही कुणीतरी म्हणतोच, 'तेव्हा हा कायदा असता तर निम्मे कर्मचारी आत गेले असते.' नसते गेले. ज्याचं घर ढिगाऱ्यात आहे, ज्याला घरातलं मयत उचलायचं आहे, त्याच्याकडे 'कायदेशीर कारण' नाही असं कुठलं न्यायालय म्हणेल? कलमातले ते दोन शब्द अशा माणसासाठीच आहेत. जो सुखरूप होता, ज्याला हजर राहण्याचा आदेश पोहोचला होता आणि तरी जो आला नाही, कलम त्याच्यासाठी आहे.

दुसरा दाखला हमखास पुढे येतो तो नांदेडचा. 'तिथे डीनवर गुन्हा झालाच ना!' झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती, आणि एका मृत महिलेच्या नातेवाइकाच्या तक्रारीवर नोंद झाली. पण ते कलम होतं दंड संहितेचं ३०४, सदोष मनुष्यवधाचं. आपत्ती कायदा नव्हे. असा गुन्हा टिकवायचा तर माणसाच्या वागण्याचा मृत्यूशी थेट संबंध दाखवावा लागतो, आणि डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा खटला भरायचा तर जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर असण्याची अट घातली आहे. गैरहजेरी हा त्यात पुरावा होऊ शकतो. गैरहजर होता एवढ्यावरच मनुष्यवध शाबीत होत नाही.

बाकी किरकोळ समज थोडक्यात. 'साहेबांना फोनवर सांगितलं होतं' चालत नाही, कलम ५६ मध्ये 'लेखी' हा शब्द आहे. कंत्राटी आहे म्हणून सुटलो, हेही खोटं. ५१(ब) खासगी माणसालासुद्धा लागतं. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. अटक झाली की नोकरी गेली असंही नाही, मात्र ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिल्यास मानीव निलंबन होतं. संपाचा मामला वेगळा, त्याला मेस्मा हा अत्यावश्यक सेवांचा कायदा आहे. आणि कनिष्ठांनाच धरतात असं म्हणणाऱ्यांसाठी कलम ५५: गुन्हा खात्याचा असेल तर खातेप्रमुख दोषी मानला जातो, आपल्या नकळत घडलं किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती हे त्याने सिद्ध केलं तरच सुटतो.

नागरिकांनी यातून घ्यायचं ते कलम ६०. तावरजा-तेरणेला पूर असताना १०७७ वर फोन लावला आणि कुणी उचलला नाही, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. त्या पाळीला कुणाची नेमणूक होती तो आदेश माहिती अधिकारात मागवा. मग जिल्हा प्राधिकरणाला गुन्ह्याचा तपशील आणि तक्रार करण्याचा इरादा कळवणारी नोटीस रीतसर द्या, पोच जपून ठेवा आणि तीस दिवस मोजा. मंजुरीची अट तरीही उरतेच, ती नाकारली तर नाकारल्याचं लेखी मागा.