ज्ञानगंगा आणि तिचे पाट

ऑनलाइन शिक्षण फसले की दोष रेंजला द्यायचा, अशी आपल्याला सवय झाली आहे. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातली मुले रेंजसाठी टेकड्या चढत होती, तेव्हा तो दोष खराही होता. पण मोबाइलवर चार रेघा उमटल्या म्हणून फोंडाघाटचा विद्यार्थी आपोआप पदवीधर होत नाही. पुढचे यश विद्यापीठाच्या कारभारावर ठरते.

मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. कल्पना वाईट नव्हती. पण पुरेशी तयारी नसताना सगळ्या विद्याशाखांना एकदमच त्यात ओढले गेले. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. यंत्र आले होते, घडी बसली नव्हती.

याउलट नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये, घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी, उभे राहिले. पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेताना या विद्यापीठाने कामाची वाटणी केली: पाठ्यपुस्तक लिहिणारा वेगळा, ते संपादित करणारा वेगळा आणि अभ्यासकेंद्रावर शंका सोडवणारा संमंत्रक वेगळा. गंगेला पाट काढून दिले, ते असे.

नेहमीच्या विद्यापीठात हीच सारी कामे एकट्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतात. ध्वनिचित्रफीत करायला लागलेले तास कार्यभारात धरले नाहीत, तर पहिल्या वर्षीचा उत्साह दुसऱ्या वर्षी आटतो. अडलेल्या मुलाला विचारायला जवळपास माणूस नसेल, तर तो चुपचाप गळतो.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. फोंडाघाटचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे परीक्षेचे नियम चारशेहून अधिक किलोमीटरवर ठरणार. समजा, जुलैच्या पावसात दोन दिवस वीज गेली आणि प्रकल्प पाठवण्याची मुदत टळली. मुदत वाढवण्याचा अधिकार समोरच्या प्राध्यापकाला नसेल, तर मुलाचे वर्ष पणाला लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी अंतर्गत गुणवत्ता केंद्र बंधनकारक केले. ते कागदावर राहू नये, तर त्याने मोजायचे काय? किती जणांनी प्रवेश घेतला हे नव्हे. किती जण शेवटपर्यंत टिकले आणि उरलेले कुठे, कशाने गळले, हे.