वैमानिकाच्या झोपेचा हिशेब

मैत्रिणींनो, आपला लेक ‘मी पायलट होणार’ म्हणाला की आपली मान कशी ताठ होते! रुबाबदार गणवेश, भरघोस पगार. पण या नोकरीची दुसरी बाजू आपल्याला ठाऊक असते का?

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने इंजिने बंद पडलेले विमान कॅप्टन सलेनबर्गर यांनी हडसन नदीत उतरवले. सर्व १५५ जण वाचले. जगभर कौतुक झाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे काय सांगावे? आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे, कंपनीचे पेन्शन बुडाले आहे आणि मुलांनी याच पेशात यावे असे वाटणारा एकही वैमानिक आपल्या ओळखीचा नाही!

त्याच फेब्रुवारीत, १२ तारखेला, बफेलोजवळ एक विमान कोसळले. ५० जीव गेले. चौकशीत कॅप्टनची चूक हेच कारण ठरले, पण थकव्याचाही प्रश्न पुढे आला. २४ वर्षांची सहवैमानिक राहायची सिएटलला आणि नोकरी होती देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूअर्कला. आदली रात्र तिने विमानप्रवासात काढली होती. कॅप्टन कर्मचाऱ्यांच्या खोलीतच झोपला होता. अशा छोट्या कंपन्यांत नवख्या सहवैमानिकाला तेव्हा वर्षाला २० हजार डॉलरच्या आसपास मिळत. त्यात त्या महागड्या भागात बिऱ्हाड कसं थाटायचं? शिवाय पैसे मुख्यतः विमान हलल्यापासून थांबेपर्यंतच्या तासांचे.

हे वाचलं आणि मला माझी नोकरी आठवली. मी शाळेत तासिकेवर शिकवते. वर्गातला तास मोजतात. वह्या तपासण्यात गेलेली रात्र कोण मोजतं? पण दमल्यावर माझ्या हातून फार तर आमटीत मीठ दोनदा पडतं. त्यांची चूक केवढ्याला पडते, पाहा!

त्या अपघातानंतर मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला. २०१० मध्ये कायदा झाला, २०१४ पासून कामाआधी १० तास विश्रांती सक्तीची झाली. २०२२ मध्ये वैमानिकांचा तुटवडा पडला, तेव्हा छोट्या कंपन्यांतले पगारही चांगलेच वाढले. आपल्याकडे जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘वैमानिकाच्या कामाचे तास संपले, विमानाला उशीर होईल’ असं कधी विमानतळावर ऐकलंत, तर चिडू नका. मुलांना डब्यातला लाडू द्या आणि निवांत बसा. तो उशीर आपल्याच भल्याचा असतो, नाही का?